जिथं आपलं कोणी उभं नसतं

माझ्या बोटावर शाई दिसली की औरंगपुऱ्यातल्या आमच्या दुकानातल्या बाया विचारायच्या, "आता कुठली निवडणूक गं?"

"अमेरिकेची," मी म्हणायचे.

मग फॉल-पिकोच्या मशिनी थांबायच्या. मालकीणबाई गिऱ्हाइकाला सांगायच्या, "हिच्याशी जरा नीट बोला ताई. हिच्या मतावर तिकडं सरकार बसतं."

मीही हसायचे. पण त्यात खोटं काहीच नव्हतं. गारखेड्यात मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे, त्या गुरुजींच्या घरी रविवारी दुपारी अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक व्हायची. चालू निवडणूक नव्हे, होऊन गेलेली. कधी पन्नास वर्षांपूर्वीची, कधी त्याहून कितीतरी जुनी. मतदार दोनच, गुरुजी आणि मी.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. उंच, थोडे वाकलेले, शर्टाचं वरचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. सगळ्या नोकरीत निवडणूक आली की त्यांना ड्युटी लागायचीच, आणि पुढं पुढं तर केंद्राध्यक्ष म्हणून. बाकीच्या मास्तरांना आपले विद्यार्थी आठवतात. यांना मतदान केंद्रं आठवायची. "तिथल्या शाळेत पेटीखाली सापाची कात निघाली होती." "तिथं एक म्हातारी मत टाकून पेटीच्या पाया पडली." कुठल्या वर्षी, कोण जिंकलं, ते काही नाही. कात आणि म्हातारी.

त्यांना कुठलीही इमारत दिसली की ते तिचं मतदान केंद्र करून बघायचे. मंगल कार्यालय असो, दवाखाना असो, बँक असो. "जागा बरी आहे, पण येणारा आन जाणारा एकाच दारात भेटतो. भांडणं होणार." मी खोली बघायला आले त्या दिवशी मला वाटलं होतं, हे विचारतील शिक्षण किती, एकटी का राहतेस, रात्री किती वाजता येणार. गुरुजींनी खोलीचं आतलं दार उघडलं, मग बाहेरचं उघडलं, आणि म्हणाले, "आत यायला एक, बाहेर जायला एक. केंद्र म्हणून ही खोली एक नंबर आहे. रहा." एवढंच. मी भंडाऱ्याकडची, या गावात मला ओळखणारं कुत्रं नव्हतं. त्या "रहा"चे उपकार मी अजून विसरलेले नाही.

रविवारी जेवणं झाली की टेबलावर कूलरचा रिकामा खोका उभा राहायचा. तीन बाजू बंद, एक उघडी. पेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली. तो उलटा करून दाखवायचे. "एजंटांनी बघून घ्यावं, पेटी रिकामी आहे." एका पक्षाची एजंट मी. दुसऱ्या पक्षाचं एजंट म्हणजे घरातलं भुरं मांजर. ते झोपलेलं असलं तरी त्याच्या नाकासमोर डबा धरल्याशिवाय गुरुजी पुढं सरकायचे नाहीत.

एरवी मला "अगं पोरी" म्हणणारे गुरुजी मतदान सुरू झालं की "आपण" म्हणायला लागायचे. "आपलं बोट पुढं करा. घाई करू नका. कोणी दबाव आणलाय का?" दबाव आणणार कोण, मांजर? पण मी म्हणायचे, "नाही गुरुजी." मग ते कॅलेंडरकडं तोंड करून उभे राहायचे, आणि मी खोक्यामागून बाहेर येईपर्यंत मान वळवायचे नाहीत.

त्याआधी ते उमेदवारांची माहिती द्यायचे. नियम त्यांचेच. नाव सांगायचं नाही. "नाव कळलं की झालं. मग मत नाय पडत, ओळख पडती." म्हणून सांगायचे ते असं: "एक आहे भुईमूग पिकवणारा. धर्माचा माणूस, खोटं बोलणार नाय म्हणतो. राजधानीतलं त्याला कोणी ओळखत नाय. समोरचा आधीच खुर्चीत आहे, पण त्या खुर्चीत त्याला लोकांनी बसवलेलं नाय. आधीचा राजीनामा देऊन गेला म्हणून हा बसला, आन बसल्यावर त्यानं आधीच्याला माफी करून टाकली. आता तुम्ही सांगा, माफी केली ते चांगलं केलं का वाईट?"

दुसरा नियम असा, की पुढं काय झालं ते माहीत नाही असं धरून मत द्यायचं. मी सुरुवातीला विचारायचे, "गुरुजी, पण शेवटी कोण आलं निवडून?"

"मतदानाच्या दिवशी पुढचं कोणाला माहीत असतं व्हय?"

तिसरा नियम त्यांनी फार कडकपणे पाळला. कोरी चिठ्ठी चालणार नाही. दोन्ही उमेदवार वाईट असले तरी एक निवडायचाच. "घरी बसणं हे पण मत असतं म्हणतात लोकं. नसतं. ते पळणं असतं."

मी आठवीत शाळा सोडलेली. हातात पेन्सिल आली की मला परीक्षाच वाटायची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. गुरुजी माहिती सांगायचे तेव्हा मी त्यांच्याकडं बघत राहायचे. ज्याच्याबद्दल बोलताना त्यांचा हात जास्त हलेल, त्याला मी मत द्यायचे. मोजणीत दोन्ही मतं एकालाच पडलेली निघायची. मला वाटायचं, चला, पास झाले. खोली टिकली.

एका रविवारी त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या आणि चष्मा काढला. "तू त्या माणसाला मत देत नायस. तू मला देतीस."

मी म्हटलं, "चुकलं का गुरुजी?"

"चुकायचा प्रश्नच नाय इथं. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं. शाळा सोडायची ठरली तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. मावसबहिणीबरोबर इथं पाठवायचं ठरलं तेव्हाही नाही, आणि ती वर्षभरानं नवऱ्याबरोबर निघून गेली, मी इथं उरले, तेव्हाही नाही. माझं सगळं बिनविरोध झालेलं. मी तिथंच रडायला लागले. गुरुजी घाबरले, मांजर उठून गेलं. "अगं, फेरमतदान घेऊ," ते म्हणाले. "रडू नको. कायद्यात सोय आहे."

त्या फेरमतदानात मी पहिल्यांदा माझं मत दिलं. गुरुजींचा उमेदवार दुसरा निघाला. एकास एक, बरोबरी. मला वाटलं होतं ते नाराज होतील. ते खुश होऊन म्हणाले, "आता ही निवडणूक वाटती." आणि लगेच त्यांचा चेहरा कसातरी झाला. बरोबरी झाली की त्यांचं तसं व्हायचं. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

इथल्या निवडणुकीबद्दल मात्र गुरुजी तोंड उघडायचे नाहीत. गल्लीत प्रचाराची गाडी आली, शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणाले, "काय गुरुजी, यंदा कोणाची हवा?" की हे "दूध उतू जातंय" म्हणून आत. दूध कुठलं, आम्ही दोघं कोरा चहा पिणारे. मी एकदा विचारलं, "गुरुजी, अमेरिकाच का?"

त्यांनी थोडा विचार केला. "तिथं आपलं कोणी उभं नसतं."

आपलं म्हणावं असं त्यांचं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. लासूर स्टेशनला या धाकट्यांची कांद्याची अडत. रेल्वेनं जवळच. पण दोघांचं बोलणं कित्येक वर्षांपासून बंद. दिवाळीच्या सकाळी गुरुजी अंघोळ करून, नवीन शर्ट घालून फोनपाशी बसायचे. मी फराळाची ताटली नेऊन द्यायचे. दुपार व्हायची. ते ताटलीतली एक करंजी संपवायचे, फोन उचलून बघायचे की चालू आहे ना, आणि म्हणायचे, "चालू आहे." त्या घरात मी असूनही दिवाळीला फार शांत असायचं. माझ्याही घरून फोन यायचा तो पैसे मिळाल्याचा, आणि लवकर बंद व्हायचा. आम्ही दोघं आपापल्या ताटलीसमोर बसून राहायचो.

आता त्या निवडणुकीबद्दल. ती एकच अशी होती की गुरुजी दर वेळी काढायचे आणि दर वेळी ठेवून द्यायचे. "ही स्थगित," म्हणायचे. शंभराहून जास्त वर्षं झाली असतील त्या निवडणुकीला. माहिती निम्मी सांगून व्हायची, मग म्हणायचे, "आज ऊन लई आहे. दुसरी घेऊ." पावसाळ्यातही ऊनच असायचं.

एका रविवारी त्यांनी तसंच केलं, आणि मला कुठून हिंमत आली माहीत नाही, मी म्हटलं, "आज दुसरी नको. मी हीच करणार, नाहीतर मतदानावर बहिष्कार."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. "बहिष्कार," ते म्हणाले. "कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

मग सांगितलं त्यांनी. दोन जिवलग दोस्त होते. एक आधी अध्यक्ष होता. त्यानं आपल्या जागी दोस्ताला आणलं. पण दोस्ताचं काम त्याला पटेना. मग तो स्वतःच दोस्ताच्या विरोधात उभा राहिला. एका घरातली मतं दोन ठिकाणी गेली, आणि तिसराच येणार असं सगळ्यांना दिसत होतं.

"बोल, त्या पहिल्यानं उभं राहायला पाहिजे होतं का गप बसायला पाहिजे होतं?"

"पटत नव्हतं तर काय करणार तो?"

"दोस्ती तुटली की."

"तुटली. पण तो पळाला तर नाही."

हे मी असंच बोलून गेले. त्यांचाच तर नियम होता तो. पण गुरुजी एकदम खाली बसले, खोक्याला हात लागून खोका आडवा झाला. पाणी आणून दिलं तरी घेईनात. मग जमिनीकडं बघत बोलायला लागले.

धाकटा त्यांच्या गावात ग्रामपंचायतीला उभा होता. समोर गावातलाच एक माणूस, त्यानं वस्तीपर्यंत पाण्याची लाईन आणलेली. गुरुजी तेव्हा नोकरीनिमित्त कन्नडला, पण नाव गावच्या यादीत. भावाला मत द्यावं तर मन खातंय, समोरच्याला द्यावं तर भाऊ. "तुला सांगतो, त्या वर्षी मला ड्युटी लागलीच नव्हती. आख्खी दुनिया ड्युटी रद्द करायला तहसीलला जाती. कोणाचं बीपी, कोणाच्या बायकोची डिलिव्हरी. मी गेलो आन म्हणलं, मला लावा. कारकून म्हणला, गुरुजी, तब्येत बरी आहे ना?"

त्यांना ड्युटी मिळाली, दुसऱ्या तालुक्यात. गावाकडं यायचा प्रश्न मिटला. आणि तिकडं मोजणीत दोघांना सारखी मतं पडली. मग चिठ्ठी टाकली. अंगणवाडीतल्या एका पोरानं ती उचलली. धाकटा हरला. तहसीलच्या कारकुनानं तर तो किस्सा हसत हसत सगळीकडं सांगितला होता, की एक मास्तर ड्युटी मागायला आला होता. तो किस्सा संध्याकाळपर्यंत गावातही पोचला.

"तेव्हापासून तो बोलत नाय," गुरुजी म्हणाले. "आईच्या दहाव्याला पण पाठ करून बसला."

"पण तुम्ही कोणाला दिलं असतं, गुरुजी?"

हा प्रश्न त्या घरात विचारायचा नसतो. मतदान गुप्त. मला बोलल्यावर आठवलं. पण ते म्हणाले, "समोरच्याला." आणि तोंडातून निघाल्यावर स्वतःच दचकले, जणू दुसरंच कोणीतरी बोललं.

"हे त्यांना सांगितलंय?"

"कोणाला?"

"धाकट्यांना."

त्यांनी मान हलवली. नाही.

गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. त्या गुरुवारी आम्ही लासूर स्टेशनला गेलो. जायचं गुरुजींनीच ठरवलं. मला म्हणाले, "तू चल. मला परत पळून यायची सवय आहे." गाडीत ते खिडकीशी बसले. दौलताबाद गेलं, पोटूळ गेलं. पोटूळच्या स्टेशनकडं बघून म्हणाले, "खोली बरी आहे. दार एकच." यांना तिथून कोणी हाकलून दिलं तर मी काय करणार होते?

अडतीच्या दुकानापुढं उंच ओटा, ओट्यावर कांद्याच्या गोण्या, मोठा वजनकाटा. गादीवर एक जाडसर माणूस बसलेला, नाक अगदी गुरुजींचं. त्यांनी वर बघितलं. गुरुजींवरून नजर सरकवली आणि मला म्हणाले, "कोण पाहिजे, ताई?"

"गुरुजी आलेत," मी म्हटलं.

"दिसतंय. त्यांना म्हणावं, बसा. खुर्ची डुगडुगती, बाकावर बसा म्हणावं."

गुरुजी माझ्या कोपराशी उभे. तेही मलाच म्हणाले, "त्याला सांग, मी बसायला नाय आलो."

"मग उभं राहायला आले का, विचारा त्यांना. आमच्या घरात उभं राहायचं काम माझ्याकडं होतं."

एक हमाल हसला आणि मालकाकडं बघून गप्प झाला. दोघा भावांत चार हातांचं अंतर, आणि बोलणं सगळं माझ्यातून चाललेलं. मला कळेना कोणाकडं तोंड करून उभं राहावं.

"त्याला सांग," गुरुजी म्हणाले, "मी तेव्हा पळालो. पण मी आलो असतो, तर समोरच्याला मत दिलं असतं. त्यानं पाणी आणलं होतं. ह्यानं नुसता शब्द दिला होता."

दोघांनाही ऐकू गेलं होतं. हमालांनाही. तरी धाकटे माझ्याकडंच बघत बसले. मी सांगेपर्यंत ते त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. मी म्हटलं, "ते म्हणतात..." आणि थांबले. मग मी कॅलेंडर शोधलं. तिथं भिंतीवर एक होतं. त्याच्याकडं बघून बोलले. "ते म्हणतात, ते पळाले. पण आले असते तर त्यांनी तुम्हाला मत दिलं नसतं. समोरच्याला दिलं असतं."

धाकट्यांनी काट्यावरची गोणी उतरवायला सांगितली. गोणी उतरली. मग ते हळू म्हणाले, "म्हणावं, ते मला तवाच म्हाईत होतं. दादाचा सोभाव मला ठावा नाय व्हय? टाकायचं होतं की मग. एका मतानं पडलो असतो, भांडलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, आन दिवाळीला जेवायला बोलावलं असतं. पण मला बरोबरीत सोडलं त्यांनी. एका लेकराच्या हातानं हरलो मी. गाव माझं होतं का नव्हतं, ते मला आजून कळलं नाय. ते विचारा त्यांना, कळलं का."

गुरुजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

बाहेर लिलावाचा ओरडा चालू होता. मग चहा आला. धाकटे पोथी वाचावी तसं सपाट म्हणाले, "त्यातला एक बिनसाखरेचा आहे. तो त्यांना द्या, ताई."

गुरुजींची साखर वाढल्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. त्यांनी तो कप दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण संपवला, तळातला गाळही.

निघालो. धाकटे उठले नाहीत, वहीत डोकं घालून बसले. ओट्याच्या कडेला एक पायरी तुटलेली होती आणि गुरुजींना एका डोळ्यानं कमी दिसायचं. मी हात धरायला पुढं झाले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, पायरी."

गुरुजी थांबले. वळले नाहीत. पाय उचलून, जपून, तुटलेली पायरी सोडून खाली उतरले.

परतीच्या गाडीत दौलताबाद आलं. मग गुरुजी म्हणाले, "ऐकलंस?"

"हो गुरुजी."

"मला नाय, तुला सांगितलं असंल."

"मी दादा आहे का?"

ते हसले. मग खिडकीकडं तोंड करून त्यांनी मला ते सांगितलं जे नियमात बसत नव्हतं. त्या दोन दोस्तांचं पुढं काय झालं. हरले ते दोघंही. वर्षं गेली. मग एका हॉटेलात अचानक एकमेकांसमोर आले, आणि भर जेवणात गळ्यात पडले. जेवणारी माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

"इथं कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत," मी म्हटलं.

"कांदा चालू होता ना," गुरुजी म्हणाले. "हात मोकळे नव्हते कोणाचे."

त्या रविवारी स्थगित निवडणूक पार पडली. त्यांनी कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी मोजणी केली नाही. मांजराला मात्र डबा दाखवला.

धाकट्यांचा फोन त्या दिवाळीला आला नाही. पुढच्याही नाही. गुरुजी शर्ट घालून बसले, एक करंजी खाल्ली, "चालू आहे" म्हणाले. धाकट्यांकडून जे मिळालं ते अडतीच्या ओट्यावरच्या त्या दोन शब्दांतच मिळालं होतं, आणि ते तेवढ्यावर राहिले. आता ते नाहीत. मी दुसरीकडं राहते, माझ्या खोलीला एकच दार आहे. टीव्हीवर तिकडच्या निवडणुकीची बातमी लागली की मी आवाज बंद करते, नाव वाचत नाही, आणि दोन्ही माणसांकडं बघून ठरवते. बोटाला शाई लावायला कोणी नाही.

पण शेवटच्या वर्षात त्यांना एक सवय लागली होती, तीच मला जास्त आठवते. घराच्या ओट्यावरून उतरताना ते वरच्या पायरीवर थांबायचे, मान जरा मागं करून. पाय दुखतात म्हणून थांबतात असं मला वाटायचं. एक दिवस मी मागून म्हटलं, "गुरुजी, पायरी."

"तू नको म्हणू, पोरी," ते म्हणाले.

मग थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि एकटेच खाली उतरले.